सोवळ्यातली कणी

माझ्या हृदयात तांदळाच्या कणीएवढं एक यंत्र आहे आणि त्या यंत्राला सोवळं-ओवळं कळत नाही. ज्या हुशार मंडळींनी ते बनवलं, त्यांच्यापैकी एकाची जरी आई सोवळ्यात स्वयंपाक करत असती, तरी पुढचा सगळा गोंधळ टळला असता. पण हुशार माणसांच्या आया बहुधा डबा मागवतात.

मी नीलांबरी वैशंपायन. वय एकसष्ट, मुक्काम घाटशीळ, कृष्णेच्या काठी. गावच्या सोमेश्वराला रोज दुपारी बारा वाजता आमच्या घरचा नैवेद्य जातो. सासूबाई गेल्यापासून बावीस वर्षं तो मी रांधते. नवरा गेला, मुलगी इरा पुण्याला स्थायिक झाली, गावात माणसांपेक्षा सौरपत्रे जास्त झाले, पण बाराच्या नैवेद्याला बारा वाजून पाच मिनिटं कधी झाली नाहीत. घरात मी आणि माझी धाकटी जाऊ मुग्धा. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, माणमधल्या सौरप्रकल्पावर असतात आणि रविवारी उगवतात.

मुग्धा दुसऱ्या जातीतली. तीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "घर तुझंच आहे, पण सोवळ्याच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही." तिनं तो ओलांडला नाही. सासूबाई गेल्यावर मीही कधी 'ये' म्हटलं नाही. रीत सासूबाईंची होती, पण सोय माझी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गेल्या दिवाळीत माझी नाडी चौतीसवर आली. फराळाचं ताट हातात घेऊन मी दारातच खाली बसले. साताऱ्याच्या डॉक्टर तबस्सुम मुजावर यांनी हृदयात कणी बसवली. 'कणी' हे आमचं नाव. त्यांचं नाव लांबलचक आहे.

"पूर्वीच्या पेसमेकरला छातीत डबी असायची, तारा असायच्या, बॅटरी संपली की पुन्हा चिरफाड," मुजावरबाईंनी समजावलं. "हा मांडीतल्या शिरेतून आत जातो आणि हृदयातच बसतो. याला बॅटरी नाही. हृदय हलतं, त्या हलण्यातूनच त्याला वीज मिळते."

"म्हणजे आपलं आपण कमवून खातो," मी म्हटलं.

"अगदी! पण कमाई जेमतेम. ठोका द्यायला पुरते. तुम्ही चालताय की झोपलाय, हे ओळखायला पुरत नाही. ते काम या पट्ट्याचं." त्यांनी माझ्या मनगटाला रबराचा काळा पट्टा बांधला. "हाताची हालचाल, श्वास, घाम, सगळं हा बघतो. तुमच्या कॉलरबोनखाली त्वचेत एक बटण बसवलंय, त्याला कळवतो. बटण कणीला सांगतं, आता पन्नास ठोके पुरेत, आता शंभर हवेत. अंगातलं पाणी संदेश अडवतं, म्हणून पट्टा आणि बटण गावाच्या नेटवर्कवरून बोलतात. नाडी मात्र पट्टा मोजत नाही. ती कणीच ठरवते, मग मोजायची कशाला?"

मी मान डोलावली. सगळं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की पट्टा म्हणजे हजेरीपुस्तक. तो हातात आहे की नाही, हे डॉक्टरांना आणि इराला दिसतं. हुकूम पट्ट्याचा चालतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता सोवळ्याचं सांगते. सकाळी सातला आंघोळ करून, काठीनं वाळत घातलेलं लुगडं काठीनंच काढून नेसायचं आणि दहापर्यंत कुणाला शिवायचं नाही. कणीबद्दल देवस्थानच्या पंचांनी निर्वाळा दिला की शरीराच्या आत आहे ते शरीरच. इंडक्शनची शेगडी चालते की नाही यावर याच पंचांनी दोन वर्षं वाद घातला होता, त्या मानानं हे लवकर उरकलं. चष्मा चालतो, कारण सासूबाईंना चष्मा होता. पण रबराचा पट्टा? तो दवाखान्यात घातलेला, न्हाणीत, संडासात घातलेला. तो चालणं शक्यच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी तो खुंटीला अडकवला. दहा मिनिटांत इराचा फोन.

"आई, पट्टा कुठाय?"

"खुंटीला. सोवळ्यात आहे मी."

"पट्टा नसला की कणी साठ ठोक्यांवर अडकून बसते! तू तिथे जड पातेली उचलतेस. पुन्हा जर हा इशारा आला ना, तर मी गाडी घेऊन येते आणि तुला इकडे आणते. कायमची. किती दिवस घाबरत राहू मी?"

चौदाव्या मजल्यावरचा तिचा फ्लॅट डोळ्यांपुढे आला. तिथं खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात आणि जेवण दाराशी येतं. तिथं मी काय करणार? मला त्या क्षणी सोमेश्वराची नव्हे, माझ्या पातेल्यांची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्याआतून पट्टा मुग्धाच्या हातात टाकला. "सात ते दहा हा तू घाल. नाहीतरी तू बाहेरच तर असतेस."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पट्टा घातला, आणि "बरं वहिनी" म्हणून गेली.

इराचा फोन आला नाही. पट्ट्याच्या लेखी मी ठणठणीत होते.

आठवड्याभरात चक्कर सुरू झाली. डाळीचं पातेलं उचललं की कान बंद व्हायचे, भिंत लांब जायची. मी ओट्याला धरून उभी राहायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, सोमेश्वरा, आत्ता नको. कधी गंमत उलटी. पाटावर बसून निवांत भाजी निवडायला घ्यावी, तर नऊच्या सुमारास छाती धडधडायला लागे. धावत सुटल्यासारखी. अर्धा तास हे चाले, मग सगळं एकदम मंद होई, आणि नेमकी मी नैवेद्याची पातेली उतरवायला उठलेली असे. पुन्हा काळोख.

त्या धडधडीचा त्रास चक्करेपेक्षा मोठा होता. हृदय धावायला लागलं की मन त्याला कारण शोधतं; कारण नसलं तर तयार करतं. मला उगाच वाटायचं, काहीतरी विसरलंय, कुणीतरी येतंय, काहीतरी माझ्यापासून लपवलं जातंय. मी मिठाचा डबा तीनतीनदा बघायचे. बाहेरच्या गड्यावर ओरडायचे. दहानंतर पट्टा परत हातात आला की शांत व्हायचे, आणि सकाळच्या ओरडण्याची लाज वाटायची.

दोनदा मुग्धानं मला दारातून भिंत धरताना पाहिलं. "वहिनी, डॉक्टरांना दाखवू या."

"इराला कळवायचं नाही," मी बजावलं.

"नाही कळवणार. पण जाऊ या."

मुजावरबाईंनी पडद्यावर आलेख उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, किती छान! रोज नऊ ते साडेनऊ तुम्ही चालायला जाता. गेल्या आठवड्यात तर वाढवलंयसुद्धा. या वयात अशी शिस्त मी पाहिली नाही."

मी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

खरं सांगितलं तर पट्टा दुसरीच्या हातात असतो हे कबूल करावं लागणार आणि ते इराच्या फोनवर जाणार. "हो," मी म्हटलं. "चालते थोडीफार."

"मग चक्कर येते ती चालताना कणी कमी पडते म्हणून असेल. मी तिला जरा जास्त तत्पर करून ठेवते. पट्ट्यानं सांगितलं की लगेच वेग वाढवेल, लगेच उतरवेल."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच किडा. मुग्धा रोज नऊ वाजता जाते कुठे? सात ते नऊ ती ओसरीवर हार करत बसलेली असते, ते मला दिसतं. नऊला ती गडप होते. मला कधी बोलली नाही. इराशी तिचं फोनवर बोलणं वाढलं होतं, हेही मी टिपलं होतं. दोघींनी मिळून माझी पुण्याला रवानगी ठरवली असेल. मग घर तिचं, स्वयंपाकघर तिचं. तीस वर्षांचा उंबरा ती एका दिवसात ओलांडेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

कणी तत्पर झाल्यावर माझी दुर्दशा झाली. आता छाती नुसती धडधडत नसे, हिसके देई. एका सकाळी हातातली पळी खाली पडली आणि मी तिच्यावरच भडकले. म्हणजे पळीवर नव्हे, दाराशी धावत आलेल्या मुग्धावर.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही. तू वाट बघतेयस तसं काही झालेलं नाही अजून. मी पडले की मग ये आत."

मला शब्द परत घ्यायचे होते, पण जीभ वळली नाही. ती हळूच म्हणाली, "असं नका हो बोलू," आणि निघून गेली. नऊ वाजले होते. दोन मिनिटांत माझी छाती पुन्हा उधळली.

चैत्रातल्या सोमवारी सोमेश्वराचा भंडारा असतो. चारशे पानं उठतात. पंगतीचा स्वयंपाक आचारी मांडवात करतात, पण पहिला नैवेद्य आमच्या घरचा, पुरणपोळीचा. तो दाखवल्याशिवाय पान वाढत नाहीत. इरा बारापर्यंत पोचणार होती. मी ठरवलं होतं, तिच्यासमोर ताठ उभं राहायचं. एक दिवस. नंतरचं नंतर.

पुरण शिजलं, वाटलं. पाटावर बसून मी पुरणाचे गोळे करायला घेतले आणि छातीनं उचल खाल्ली. घड्याळात नऊ. मी डोळे मिटून बसले. म्हटलं, आज भांडायचं नाही, नुसतं ऐकायचं.

आज पाऊण तास झाला तरी छाती थांबेना, आणि ऐकता ऐकता एक ध्यानात आलं. ती धडधड सरसकट नव्हती. भराभर वीसेक सेकंद, मध्येच तीन-चार ठोके दमदार, चढण लागल्यासारखे. मग क्षणभर ढिली. पुन्हा भराभर, पुन्हा ते दमदार ठोके, आणि शेवटी जरा मोठा विसावा. एवढं झालं की परत पहिल्यापासून. तेच, तस्संच. पाटावर बसल्या बसल्या माझे पाय आपोआप हलू लागले. हे अंतर माझ्या पायांना माहीत होतं.

शंकराची प्रदक्षिणा पूर्ण गोल नसते. नंदीपाशी निघायचं, अभिषेकाचं पाणी पडतं त्या गोमुखापर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, तिथं टेकून मागं फिरायचं आणि नंदीपाशी येऊन नमस्कार करायचा. आमच्या सोमेश्वराला दक्षिणेच्या बाजूला चार पायऱ्या आहेत. जाताना चढायच्या, येताना उतरायच्या. उतरताना त्या उंच पायऱ्यांवर गुडघे सांभाळावे लागतात, श्वास लागतोच.

माझं हृदय सोमेश्वराला प्रदक्षिणा घालत होतं.

मुजावरबाईंचं बोलणं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. पट्टा सांगतो, बटण ऐकतं, कणी ठोके देते. पट्टा कुणाच्या हातात आहे, हे विचारायचं कुणालाच सुचलेलं नव्हतं. मुग्धा हार करत बसली की मी पातेलं उचलताना माझी नाडी पन्नास. मुग्धा चालली की मी बसल्या जागी एकशे वीस. आणि मुग्धा थांबली की मी आडवी.

मी शेगड्या बंद केल्या आणि उठले. उठता आलं, कारण ती चालत होती. फोन ती देवळात नेत नाही. आमच्या मागच्या दारापासून देऊळ ऐंशी पावलं आहे. सोवळ्यातच, अनवाणी, तापलेल्या फरसबंदीवरून मी निघाले. मनात एकच, बाई गं, थांबू नकोस. मधे कुणाशी बोलायला थांबू नकोस.

सभामंडपाच्या कडेनं ती येत होती. ओचा खोचलेला, पाय लालभडक. नंदीपुढे ताम्हनात बेलाची पानं होती. एका फेरीला एक पान ती दुसऱ्या ताटलीत टाकत होती. मला असं अवेळी, सोवळ्यात समोर बघून तिचे डोळे विस्फारले आणि ती जागीच उभी राहिली.

खांब माझ्यापासून लांब गेला. कान बंद झाले.

"चाल!" मी ओरडले. "मुग्धा, चाल, थांबू नकोस!"

तिला काही कळलं नव्हतं. पण तीस वर्षं माझं ऐकायची सवय होती, ती चालू लागली. चार पावलं, आठ पावलं, आणि माझ्या डोळ्यांत उजेड परत आला. मी खांब सोडला, तिला गाठलं आणि तिचं मनगट पकडलं.

"वहिनी, सोवळं!" ती किंचाळली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. तिची प्रदक्षिणा मौनातली होती. तिचं मौन मोडलं, माझं सोवळं मोडलं, दोन्ही एका झटक्यात. "अहो, नैवेद्य राहिलाय!"

"देव थांबेल. तू थांबू नकोस."

आम्ही दोघी चालू लागलो. चार पायऱ्या चढलो, गोमुखापाशी टेकलो, मागं फिरलो. किती दिवसांनी माझे पाय आणि माझी छाती एकाच गावात होते. धडधड होती, पण ती चालण्याची धडधड होती. चालताचालता मी तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"तू कशासाठी घालतेस या?" मी विचारलं.

"नवस सांगू नये, पण आता मौन मोडलंच आहे." ती पायांकडे बघत म्हणाली. "तुमची चक्कर थांबावी म्हणून. अकरापासून सुरू केलं. थांबेना. मग एकवीस केल्या. मग एक्कावन्न. आज एकशे आठ. प्रदक्षिणा झाल्या की अर्धा तास जप करते, अगदी स्थिर बसून." तिचा आवाज फाटला. "म्हणजे मीच पाडत होते तुम्हाला. तुम्हाला जास्त त्रास झाला की मी जास्त चालायची, आणि मी जास्त चालले की तुम्हाला..."

मला हसू फुटलं आणि त्याच्यामागून रडू. देवळात, तिचं मनगट धरून, पाय न थांबवता मी रडले. इतके दिवस छाती उधळली की हिचा कट, असं मी समजत होते. आणि ही बाई माझ्यासाठी उन्हात पाय भाजून घेत होती.

"किती राहिल्यात?" मी विचारलं.

"सदतीस."

"पुऱ्या करू. सावकाश."

दहा-बारा फेऱ्या झाल्यावर मी धीर केला. "मुग्धा, उद्यापासून आत ये. सोवळं नेस आणि ये. पंचांना मी बघून घेईन."

नंदीपाशी पान टाकून झाल्यावर ती म्हणाली, "मला नाही हो हौस आत यायची. त्या पातेल्यांशी झोंबायला मला मुळीच आवडत नाही. तीस वर्षांत एकदा बोलावलं असतंत ना, तर मी नाही म्हणाले असते आणि सुखानं बाहेर बसले असते."

उरलेल्या फेऱ्या आम्ही सावकाश घातल्या, शेवटच्या पाच तर मुंगीच्या पावलांनी. मग तिनं पट्टा सोडून माझ्या मनगटाला बांधला आणि माझा हात धरून मला पायरीवर बसवलं. चक्कर आली नाही.

स्वयंपाकघरात मी पट्टा बांधूनच शिरले. पोळ्या लाटल्या. नैवेद्य देवळात पोचला तेव्हा बाराला चाळीस मिनिटं होऊन गेली होती आणि चारशे माणसं भुकेली बसली होती. सर्वांत थोरल्या पंचांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, तोंड उघडलं, मांडवाकडे पाहिलं आणि मिटलं. इरा मांडवात उभी होती. तिला मी बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. ती रागावली, रडली, मग काकूच्या पायांना लोणी लावत बसली. संध्याकाळी जाताना तिनं गाडीत फक्त स्वतःची बॅग ठेवली. मुजावरबाईंनी दोन दिवसांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला आणि कणी बनवणाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, सोवळं म्हणजे काय?

पंचांमध्ये पट्ट्यावरून अजून वाद चालू आहे. मी रोज रांधते, पट्टा हातात असतो. रोज सकाळी सातला उंबऱ्यात उभी राहून मी मुग्धाला विचारते, "येतेस का आत?" ती हारातून मान वर न करता म्हणते, "नको वहिनी." तिचं उत्तर मला पाठ आहे. तरी दर वेळी विचारताना माझी छाती धडधडते, आणि ती धडधड आता माझी असते.